न तपासलेल्या गाडीवर तसं लिहायला लावा: नितीन गडकरी यांना खुले पत्र

मा. श्री. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली.

सविनय नमस्कार.

मी नाशिकमध्ये मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेली गाडी अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये टोचन लावून आणली, की तिच्यात काय बदलायचं, काय ठोकून निघेल आणि कधी सरळ टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडे गेलेली) म्हणायचं, हे ठरवणं माझं काम. माझी मागणी एकच आहे, म्हणून ती आधीच सांगतो. ज्या गाडीची भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या ठोकून बघून सुरक्षेला तारे देणाऱ्या सरकारी योजनेत, चाचणी झालेली नाही, तिच्या पुढच्या काचेवर ‘या गाडीची अपघात चाचणी झालेली नाही’ असं ठळक मराठीत लिहिणं शोरूमला सक्तीचं करा.

भारत एनकॅप तुम्ही 22 ऑगस्ट 2023 रोजी आणलं आणि त्याच वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून ते लागू झालं. त्याचं मोल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडच्या महिंद्रच्या कारखान्यात बनणाऱ्या स्कॉर्पिओच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलला 2016 मध्ये अशाच चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेने मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे दिले होते. इथेच बनलेल्या एक्सयूव्ही 300 ने 2020 मध्ये पाच तारे मिळवले. तिच्या जागी आलेल्या थ्री एक्सओने नोव्हेंबर 2024 मध्ये भारत एनकॅपमध्ये मोठ्यांसाठी 32 पैकी 29.36 आणि मुलांसाठी 49 पैकी 43 गुण घेतले. गाव तेच, कंपनी तीच. माझ्या मते बदललं ते एवढंच, की निकाल चारचौघांत लागायला लागला आणि गिऱ्हाईक तो विचारायला लागलं.

पण योजना ऐच्छिक ठेवली, तिथे घोडं अडलं. ज्या कंपनीला पाच ताऱ्यांची खात्री आहे ती गाडी चाचणीला पाठवते आणि मुंबई नाक्यावर भलंमोठं होर्डिंग लावते. जिला खात्री नाही ती गप्प बसते. त्या गप्प बसण्याचा दंड काहीच नाही, कारण गिऱ्हाइकाला तारे नसण्याचा अर्थ कुणी सांगतच नाही. गेल्या वर्षी भाच्याला छोटी एसयूव्ही घ्यायची होती म्हणून त्याच्याबरोबर एका शोरूमला गेलो. सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनचं कौतुक सांगून झाल्यावर मी विचारलं, ‘सुरक्षेला किती तारे?’ सेल्समन पोरगा हसून म्हणाला, ‘काका, फाइव्ह स्टारच समजा.’ त्या गाडीची चाचणी झालेलीच नव्हती. त्या पोराचा मला राग नाही. त्याला खोटं बोलावं लागू नये एवढी सोय सरकारने करायला हवी.

तारे नसलेला फ्रॉस्ट-फ्री फ्रिज किंवा एसी 2010 पासून दुकानात विकता येत नाही. विजेचं बिल किती येईल हे कळण्याचा हक्क आपण मान्य केला. दहा-बारा लाखांच्या गाडीत बायकापोरं बसवताना तेवढाही हक्क नाही.

कंपन्या म्हणतील, विक्रीला असलेली प्रत्येक गाडी कायद्याच्या कसोटीला उतरलेलीच असते. खरं आहे. पण कायद्यातली समोरची धडक ताशी 56 किलोमीटरची आहे आणि तिथे फक्त पास किंवा नापास. भारत एनकॅपमध्ये 64 च्या वेगाने गाडीच्या रुंदीचा 40 टक्के भाग अडथळ्यावर आदळवतात. आकड्यात फरक आठचा दिसतो, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती सुमारे 30 टक्के जास्त असते. शिवाय 50 च्या वेगाने बाजूची धडक आणि तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर 29 च्या वेगाने खांबावर धडक. आमच्याकडे समृद्धीवर मोटारींना 120 ची मर्यादा आहे. 64 च्या तुलनेत तिथली ऊर्जा साडेतीन पट होते. म्हणून पाच ताऱ्यांची गाडी म्हणजे कवचकुंडलं असंही कुणी समजू नये. सिन्नर-शिर्डी रस्त्यावर रात्री विनादिव्याची उसाची ट्रॉली पुढे आली की तारे कुठवर पुरतील, हे मला रोजच्या कामातून माहीत आहे. (त्या ट्रॉल्यांवर वेगळं पत्र लिहावं लागेल.)

चाचणीने काय फरक पडतो ते कागदापेक्षा वर्कशॉपमध्ये लवकर कळतं. आपल्याकडे गाडी घेताना लोक बोटाच्या पेरांनी पत्रा वाजवून बघतात. ठोकल्यावर बोनेट पार चेपलेलं दिसलं की म्हणतात, पत्राच पातळ. मी आधी दार उघडून बघतो. पुढचा भाग चुरगळला, पण ए-पिलर (पुढच्या काचेशेजारचा खांब) सरळ आहे, चारही दारं हाताने उघडतात, पॅडलं पायाच्या जागेत घुसलेली नाहीत, तर गाडीने तिचं काम केलं. पुढचा पत्रा चेपण्यासाठीच असतो, धडक तो पोटात घेतो. उलट बोनेट जेमतेम वाकलंय आणि पिलर दुमडून दार पहारीने काढावं लागलंय, अशा गाडीत आतल्या माणसाचं काय झालं हे मी सहसा विचारत नाही. हा फरक पत्रा वाजवून ओळखता येत नाही, मलाही येत नाही. सांगाडा किती टिकतो ते गाडी ठोकूनच कळतं, आणि ठोकून बघण्याचं काम गिऱ्हाइकाच्या नशिबी येऊ नये.

मग मी बेल्ट बघतो. धडकेत पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर उडाल्यावर पट्टा जागीच अडकतो. तो बाहेर लोंबत राहिला असेल आणि वरच्या कडीतून जातो तिथे घासून चकाकत असेल, तर माणसाने लावला होता. पिलरला चिकटून गुंडाळलेलाच असेल, तर नव्हता. कधी बक्कलमध्ये नुसती क्लिप खोचलेली सापडते, बीप बंद करायला. तुमच्याच मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये बेल्ट न लावलेले 16,715 लोक देशात दगावले. त्यातले जवळपास निम्मे प्रवासी होते. एअरबॅग ही बेल्टच्या मदतीला असते. बेल्ट नसेल तर ती उघडेपर्यंत माणूस पुढे फेकला गेलेला असतो.

मुलांच्या गुणांबद्दल तर शोरूममध्ये अवाक्षर निघत नाही. थ्री एक्सओचे 43 गुण फोडून बघा: धडकेत बाळांच्या डमींना 24 पैकी 24, चाइल्ड सीट बसवण्याच्या सोयीला 12 पैकी 12, आणि गाडीतल्या एकूण तरतुदींना 13 पैकी 7. म्हणजे जे गुण मिळाले ते बाळ चाइल्ड सीटमध्ये बांधलेलं आहे असं धरून. वणीला, त्र्यंबकला जाताना आमच्याकडे बाळ पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 194 ब चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट सक्तीची करतं, हजार रुपये दंडही आहे. आपल्या नातवंडासाठी तो दंड भरलेला आजोबा मला अजून भेटायचा आहे.

खर्चाचं कारण कंपन्यांना पुढे करता येणार नाही. परदेशात अडीच कोटी लागणारी चाचणी इथे साठ लाखांत होते, असं तुम्हीच योजना आणताना सांगितलं होतं. वर्षाला लाखभर विकल्या जाणाऱ्या गाडीमागे हे साठ रुपये पडतात, डिलिव्हरीच्या दिवशीच्या नारळाएवढे. आणि मी तर चाचणीची सक्तीही मागत नाहीये. न केलेल्या चाचणीची कबुली मागतोय.

तपासलेल्या गाड्यांसाठी क्यूआर कोडचं स्टिकर निघालं आहे. त्यावर ताऱ्यांबरोबर गुणही छापा, मोठ्यांचे वेगळे, मुलांचे वेगळे. स्टिकर काचेवरून काढून ड्रॉवरमध्ये ठेवता येणार नाही अशी अट घाला. योजना चालवणारी सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट (सीआयआरटी) भोसरीला, आमच्या पुणे-नाशिक रस्त्यावरच आहे. अधिसूचनेचा मसुदा निघाला तर हरकती-सूचनांच्या मुदतीत आम्ही इथले काही सर्व्हेअर पिलर, पॅडल आणि पट्ट्यांच्या फोटोंसह आमचं म्हणणं लेखी देऊ. दसऱ्याच्या बुकिंगची गर्दी सुरू होण्याआधी तो निघावा, ही विनंती.

आपला,
एक मोटार विमा सर्व्हेअर, नाशिक