चर्चगेटचं गेट कुठंय?

संपादक साहेब,

मागे मुलीकडे माद्रिदला गेलो होतो तेव्हा ट्रेनने एक दिवस आविला या स्पेनमधल्या जुन्या तटबंदीच्या गावाला जाऊन आलो, आणि तेव्हापासून फोर्टात फिरताना उगाच चिडचिड होते. तिथला तट जवळजवळ २.५ किलोमीटर, ८०च्या वर बुरूज, ९ दरवाजे, बांधकाम ११व्या-१२व्या शतकातलं आणि अजून जुन्या गावाला वेढा घालून उभा. कॅथेड्रलची पाठ म्हणजे तटाचाच एक जाडजूड बुरूज, आत देव न् बाहेर पहारा! जवळ जाऊन बघितलं तर भिंतीत रोमन थडग्यांचे दगडसुद्धा बसवलेत, जुनं वापरून नवं बांधायची सवय सगळीकडेच. १९८५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिकीट काढून तटावरून चालता येतं, गुडघे बोलायला लागले पण चाललो.

आणि आपल्याकडे? १८६०च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला, अपोलो गेट, चर्च गेट, बाजार गेट तिन्ही गेले, नावं तेवढी राहिली. पाडलं ब्रिटिशांनी, मान्य, पण सेंट जॉर्ज हॉस्पिटलजवळ किल्ल्याचा उरलेला तुकडा किती मुंबईकरांनी बघितलाय? निदान दरवाजे जिथे होते तिथे लोकलच्या घाईतल्या माणसालाही दिसेल अशी मोठ्या मराठी अक्षरातली पाटी लावा की.

— एक वाचक, गिरगाव