मूळव्याधीची पायरी आधी, यंत्र नंतर

संपादक महोदय,

एसटी स्थानकाच्या भिंतींवर आणि रिक्षांच्या पाठीमागे ‘मूळव्याध लेझरने एका दिवसात कायमची बरी’ अशा जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षे शल्यचिकित्सक म्हणून काम करताना त्यांचा परिणाम मी रोज पाहतो आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात ५२ वर्षांचे एक शेतकरी माझ्याकडे आले. शौचाच्या वेळी रक्त पडत होते, दुखत मात्र नव्हते. शहरातील एका दवाखान्याने त्यांना लेझरचा मोठा खर्च सांगितला होता, आणि ‘डॉक्टर, सोसायटीचं कर्ज काढू का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. त्यांच्या फाइलमध्ये खर्चाचा आकडा ठळक होता. मूळव्याध कोणत्या पायरीची आहे, हे मात्र कुठेही लिहिलेले नव्हते.

उपचार ठरतो तो या पायरीवरून. पहिल्या पायरीत कोंब, म्हणजे गुदद्वाराच्या आतले सुजलेले मोड, आतच राहतात. दुसऱ्या पायरीत जोर केल्यावर बाहेर येतात आणि आपोआप आत जातात. तिसऱ्यात बोटाने आत ढकलावे लागतात आणि चौथ्यात ते बाहेरच राहतात. पहिल्या दोन पायऱ्यांत इसबगोल, भरपूर पाणी आणि शौचाला कुंथत न बसणे एवढ्यानेच पुष्कळांना आराम पडतो. तेवढ्याने न भागलेल्यांसाठी, तसेच तिसऱ्या पायरीतील बऱ्याच रुग्णांसाठी, बँडिंग हा जुना, स्वस्त आणि कसाला उतरलेला उपाय आहे. त्यात कोंबाच्या मुळाशी लहानसे रबरी कडे बसवतात. वेदना कळणारी त्वचा जिथे सुरू होते त्या रेषेच्या वर हे कडे बसत असल्याने भूल द्यावी लागत नाही. रक्तपुरवठा तुटलेला कोंब साधारण आठवड्याभरात सुकून गळून पडतो. एक-दोन दिवस जडपणा जाणवतो आणि कोंब गळताना थोडे रक्त दिसू शकते. क्वचित जास्त रक्तस्राव होतो, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती डॉक्टरांना आधीच सांगितली पाहिजे. ताप आला, लघवी अडली किंवा दुखणे वाढत गेले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कोंबात औषध टोचण्याचे इंजेक्शन आणि इन्फ्रारेड किरणांनी कोंब शेकणे हे दोन उपायही बाह्यरुग्ण विभागातच होतात. त्यांत त्रास कमी होतो, पण त्रास उलटण्याचे प्रमाण बँडिंगपेक्षा जास्त आहे. टोरांटोच्या मॅक्रे आणि मॅक्लिऑड यांनी १९९५ साली १८ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास करून पहिल्या तीन पायऱ्यांसाठी सुरुवातीचा उपाय म्हणून बँडिंगचीच शिफारस केली होती. बँडिंगची उणी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये ३७२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डॉपलर या ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह शोधणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने कोंबाच्या रक्तवाहिन्या बांधण्याची शस्त्रक्रिया आणि बँडिंग यांची तुलना झाली. वर्षभरात शस्त्रक्रियेनंतर ३० टक्के, तर एकदाच केलेल्या बँडिंगनंतर ४९ टक्के रुग्णांना पुन्हा त्रास झाला. मात्र गरजेनुसार पुन्हा केलेले बँडिंग त्याच उपचाराचा भाग धरले, तेव्हा हा फरक लक्षणीय उरला नाही. शिवाय शस्त्रक्रियेत सुरुवातीच्या वेदना आणि खर्च दोन्ही अधिक होते. ‘कायमची बरी’ हे आश्वासन कोणत्याच पद्धतीला देता येत नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

लेझरला माझा विरोध नाही. त्यात कोंबाच्या आत बारीक तंतू घालून उष्णतेने तो आकसवतात. बहुधा भूल लागते, पण कोंब कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा वेदना कमी होतात. निवडक रुग्णांना तो उपयोगी पडतो. परंतु दीर्घकाळाच्या निकालांचा जेवढा भक्कम आधार बँडिंगला आहे, तेवढा अजून लेझरला नाही, आणि दुसऱ्या पायरीच्या रुग्णाला बँडिंगचे नावही न सांगता थेट लेझरसाठी दाखल करणे मला अन्यायाचे वाटते.

त्या शेतकऱ्यांचे वय पाहता मी आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घेतली. आतड्याच्या कर्करोगातही असेच रक्त पडू शकते आणि त्याला मूळव्याध समजून महिनोन्‌महिने घरगुती औषध घेत राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत. यांचा तपास सुदैवाने निर्दोष निघाला. मूळव्याध दुसऱ्या पायरीची होती. दोन कोंबांवर बँड बसवायला दहा मिनिटेही लागली नाहीत आणि ते संध्याकाळच्या एसटीने गावी परतले.

आपल्या दैनिकात अशा उपचारांच्या जाहिराती छापताना ‘कायमची बरी’ हे शब्द गाळण्याचा आग्रह संपादक मंडळाने धरावा, ही विनंती. माझ्या व्यवसायबंधूंनी केसपेपरवर मूळव्याधीची पायरी आणि रुग्णाला सांगितलेले सर्व पर्याय लिहावेत. त्या शेतकऱ्यांच्या तिसऱ्या कोंबाचे बँडिंग सहा आठवड्यांनी ठरले आहे. कर्ज त्यांनी काढलेले नाही.

आपला विश्वासू,
एक शल्यचिकित्सक, जि. सातारा