दुखापतीची रजा आणि सुपरवायझरचा फोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन होतो. त्या दिवशी कारखान्या-कारखान्यांत शपथ घेतात, बिल्ले लावतात, गेटवरच्या फळ्यावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा आकडा लिहितात. जखम झाल्यानंतर घरी बसलेल्या माणसाचं काय होतं, यावर मात्र त्या दिवशी कोणी बोलत नाही. म्हणून हे पत्र.

मी भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात, कंत्राटी ऑपरेटर आहे. मूळचा औसा तालुक्यातला. गेल्या पावसाळ्यात सेकंड शिफ्टला डायमधून, म्हणजे साच्यातून, पीस काढत असताना प्रेसचा स्ट्रोक दुसऱ्यांदा आपोआप पडला आणि उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर गेलं. उपचार चांगले झाले, डॉक्टरांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जखमेचं दुखणंही गोळीने थांबायचं. थांबत नव्हता तो फोन.

तिसऱ्या दिवसापासून सुपरवायझरचा फोन सुरू झाला. ‘कधी येतोस? पॅकिंगला बस, एका हाताने जमतं.’ मग ठेकेदाराचा माणूस सांगायचा, ‘तुझ्या मशीनवर दुसरा पोरगा उभा केलाय, तो टिकला तर पुढचं मी सांगू शकत नाही.’ कोणी शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. पण रात्री फोन उशाशी ठेवून मी छताकडे बघत पडायचो. खोलीचं भाडं, पोरीच्या शाळेची फी, गावी आईला पाठवायचे पैसे, सगळं त्या एका मशीनवर होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली विश्रांती मी चोरून घेतो आहे असं मला वाटायला लागलं. ज्याचं बोट गेलं त्यालाच अपराधी वाटावं, हे मला आजही सहन होत नाही.

माझ्या रजेचे पैसे मालक देत नव्हता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझा पगार अठरा हजार. त्यातून दरमहा ०.७५ टक्के, म्हणजे १३५ रुपये ईएसआयला, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाला, जातात. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे ५८५ रुपये. कामावर दुखापत झाली तर डॉक्टर तंदुरुस्त म्हणेपर्यंत सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम महामंडळाकडून मिळते. साध्या आजारपणाला ७० टक्के, तेही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या आमच्यासारख्यांसाठीच ही योजना आहे. म्हणजे मी घरी बसलो तर मालकाच्या खिशातून माझी मजुरी जात नव्हती. अडचण एवढीच होती की प्रेसवर बदली माणूस ठेवलेला नव्हता आणि टार्गेट तेच होतं. ती अडचण त्यांची. तिचा भार माझ्या उशाशी का?

आमच्याच लाइनवरच्या एका पोराचं याहून वाईट झालं. त्याला सांगितलं गेलं, ‘घरी जिन्यावरून पडलो असं लिहून दे, बाकी आम्ही बघतो.’ घाबरून त्याने लिहून दिलं. अपघाताचा अहवाल गेला नाही, म्हणून ९० टक्क्यांऐवजी आजारपणाचे ७० टक्के मिळाले. त्याहून मोठं नुकसान पुढचं आहे. कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक बोटाचा, प्रत्येक पेराचा हिशेब दिलेला आहे. तर्जनीचं एक पेर गेलं तर कमाईची क्षमता ९ टक्के घटली असं धरतात आणि त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे मिळतात. माझ्या पगाराला ते महिन्याला साधारण साडेचौदाशे होतात. ‘जिन्यावरून पडलेल्या’ पोराला त्यातलं काहीच नाही. फळ्यावरचा आकडा मात्र वाढत राहिला.

हजेरी बक्षिसाचंही लिहायला हवं. आमच्याकडे महिनाभर एकही खाडा नसेल तर दीड हजार मिळतात, एक खाडा पडला की सगळे जातात. त्यापायी लोक तापात येतात, बोटाला चिंधी गुंडाळून येतात. गुंगीतला माणूस पॉवर प्रेसवर उभा करणं म्हणजे पुढच्या अपघाताची तयारी आहे, हे त्या बक्षिसाचा नियम लिहिणाऱ्याला कळत नसेल असं मी मानत नाही.

साध्या सुट्टीचीही तीच गत. जुन्या कारखाना कायद्यात वर्षात २४० दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा होती. कंत्राटी माणसाला सातव्या महिन्यात ब्रेक दिला, म्हणजे काही दिवस कामावरून काढलं, की २४० भरतच नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही अट १८० दिवसांवर आली, ते चांगलं झालं. आता ब्रेक पाचव्या महिन्यात येऊ नये, याची काळजी कोण घेणार? वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी गावी गेलो तो बिनपगारीच. परत आल्यावर कार्ड चालेल की नाही, या विचारात जेवणावर लक्ष नव्हतं. आईच्या ते ध्यानात आलं.

कारखानदार संघटनांकडे आणि कामगार खात्याकडे माझं मागणं आहे. अपघाताचे आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या विश्रांतीचे दिवस हजेरी बक्षिसात खाडा धरू नका. प्रत्येक शिफ्टला प्रेस चालवता येणारा एक तरी बदली ऑपरेटर ठेवा. रजेवरच्या जखमी माणसाला सुपरवायझरने फोन करायचा नाही, चौकशी करायचीच असेल तर कार्यालयातून एका माणसाने करावी. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी फळ्यावरचा आकडा वाचून जाऊ नये, जवळच्या खासगी दवाखान्यात बोटाच्या किती पट्ट्या बांधल्या गेल्या तेही विचारावं.

आणि माझ्यासारख्या ऑपरेटर भावा-बहिणींना एवढंच सांगतो, हात दुखावला तर अपघाताच्या अहवालाची प्रत मागून घ्या, आणि जिन्याचं नाव लिहून देऊ नका.

आपला,
एक प्रेस ऑपरेटर, भोसरी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)