नवशिक्याच्या हाती ब्लेड नको

महोदय,

निवृत्तीनंतर अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पुण्यात गोल्फ शिकू लागलो. ‘मोठे खेळाडू हेच वापरतात’ म्हणत एका दुकानदाराने पातळ ब्लेड आयर्नचा (सपाट पाठीच्या, धातूच्या पात्याच्या गोल्फ काठ्यांचा) संच माझ्या गळ्यात मारला. चेंडू पात्याच्या टोकाला लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या आणि तो तीस पावलं अलीकडेच पडायचा. दोन वर्षं मी स्वतःच्या हातांनाच दोष देत राहिलो.

शेवटी एका जुन्या कॅडीने (खेळाडूच्या काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाने) सात नंबरच्या आयर्नच्या पात्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि दहा चेंडू मारायला लावले. दोन ठसे मधोमध, बाकी सगळे टोकाकडे सरकलेले! मग त्याने कॅव्हिटी-बॅक, म्हणजे पात्याची पाठ खोलगट असलेली आयर्न हातात दिली. तिचं वजन कडेला वाटलेलं असतं, त्यामुळे फटका चुकला तरी पातं कमी फिरतं; तळ रुंद असल्याने ते मातीत रुतत नाही. ‘पिंग’ या गोल्फ साहित्याच्या कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोलहाइम मूळचे इंजिनिअर, ही रचना रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा.

मात्र नव्या संचांच्या ‘चेंडू लांब जातो’ या जाहिरातीला भुलू नये. पूर्वी सात नंबरच्या पात्याच्या तिरकेपणाचा कोन साधारण ३४-३५ अंश असे, आता कित्येकदा तो ३० च्याही खाली असतो. नंबर जितका लहान तितका कोन कमी आणि चेंडू लांब; म्हणजे तो जवळपास जुना पाच नंबरच! आधी पावडर लावून ठसे बघा, मगच पैसे मोजा. आपल्या क्रीडा पानावर अशा साहित्याची माहिती नियमित यावी, ही कळकळीची विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, पुणे