सुहासला पत्र: आपल्या भागातले लव्हाळे

येळ्ळूर, बेळगाव

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

गणपतीला तुझं येणं राहिलं. आता सुगी सुरू व्हायच्या आत ये, कारण दाखवायचं ते नंतर वाळून जाईल.

भांगलताना बायका जे उपटून बांधावर टाकतात, ते सगळं आपण गवतच समजत आलो. त्यातला एक दांडा चिमटीत धरून फिरवून बघ. गवताचा दांडा गोल, बहुतेकदा पोकळ आणि पेरांचा. लव्हाळ्याच्या कुळातल्या बहुतेकांचा मात्र तीन धारांचा, आतून भरीव, वर कणसापर्यंत सलग. पानंही तीन बाजूंना फुटतात. जगात या कुळाच्या साधारण ५,५०० जाती आहेत, आणि आपल्या भातातच दोन सहज सापडतात: सायपेरस इरिया, पिवळसर सुट्या कणसांचा, आणि सायपेरस डिफॉर्मिस, गच्च गोल बोंडांचा. दोन्ही दरवर्षी बियांपासून उगवतात, म्हणून वेळेत भांगललं की आवरतात.

त्याच कुळातल्या नागरमोथ्याचं तसं नाही. दिवाळीच्या उटण्यात सुवास देणाऱ्या त्याच्या गाठी जमिनीखाली एका धाग्यात ओवल्यासारख्या असतात. धागा अखंड आहे तोवर बऱ्याच गाठी झोपून राहतात. कुळव फिरला, धागा तुटला, की सुटी झालेली गाठ स्वतंत्र कोंब काढते. रान स्वच्छ करायला जावं आणि मोथा वाढावा, तो असा.

जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे गेलास की सगळं बदलतं. मलप्रभेचा उगम तिथलाच. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या पठारावरच्या, जांभ्या खडकावर पावसाळ्यात जेमतेम टाचभर पाणी, खाली नावाला माती, तिच्यात नत्र जवळजवळ नाहीच. तिथे गेंदाची पांढरी बटणं, फिम्ब्रिस्टायलिस या लव्हाळ्याचे बारीक झुबके, आणि मधूनच सीतेची आसवं. त्या निळ्या-जांभळ्या फुलांखाली ओल्या चिखलात इवल्या पिशव्या असतात. सूक्ष्म जीव दाराशी आला की आत ओढला जातो. मातीत नाही ते नत्र ही झाडं असं मिळवतात.

पूर्वेला अथणीकडे पाऊस कणकुंबीच्या मानाने फारच थोडा, पण कृष्णाकाठच्या उसात पाणी साचून राहतं आणि चरांतून उंच पाणकणीस माजतं. इथे बळ्ळारी नाल्यात तर सांडपाण्यावर पोसलेली, दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी. तिच्या चटईखाली उजेडच पोचत नाही, मग खालचं काय जगणार?

मला सगळ्यात जास्त काळजी तलावांच्या काठांची वाटते. उतरता, मातीचा काठ असेल तर काही पावलांत किती थर लागतात बघ: आत कुमुद, गुडघाभर पाण्यात एलिओकॅरिस हा लव्हाळा, त्याच्या अलीकडे सायपेरस, ओल्या चिखलात ब्राह्मी. पाण्याच्या खोलीत वीतभर फरक पडला की रहिवासी बदलतो. जवळच्या एका तलावाला सुशोभीकरण म्हणून सरळ दगडी भिंत बांधली. पाणी तेवढंच आहे, उथळ पट्टा गेला, आणि त्याच्याबरोबर हे सगळे गेले. आणखी एका तलावाचं असंच ठरतंय. निदान एक बाजू मातीची ठेवा, असा अर्ज मी लिहिलाय, पण जातींची यादी जोडल्याशिवाय तो कोणी वाचणार नाही.

म्हणून तू ये. लव्हाळ्याची जात फळ बघितल्याशिवाय पक्की होत नाही, आणि ते फळ मोहरीपेक्षा बारीक. येताना तुझं दहापटीचं भिंग आण. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत