एमआरआय झाला, पुढे काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्ह्याच्या गावी रेडिओलॉजिस्ट आहे. अंधाऱ्या खोलीत बसून दिवसभर लोकांचे मणके बघतो.

गेल्या उन्हाळ्यात साठीच्या एक आजी आल्या. सुनेच्या हातातल्या पिशवीत गुंडाळी करून ठेवलेल्या फिल्म. पाच महिने 'मणक्यात गॅप आहे' म्हणून पट्टा आणि गोळ्या. मग एका ठिकाणी एमआरआय झाला. रिपोर्टची शेवटची ओळ होती: क्षयरोग किंवा कर्करोगाचा प्रसार, लक्षणांशी पडताळून पाहावे. पडताळायला तिथे कोणीच नव्हतं. आपल्याकडे टीबी जास्त, म्हणून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली. चौथ्या महिन्यात पायातली चप्पल निसटली तरी आजींना कळेना. बायोप्सीत मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेचा कर्करोग, निघाला.

रिपोर्ट लिहिणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. तशी ओळ मीही लिहितो. ढोबळ खूण अशी, की टीबी दोन मणक्यांमधली चकती खातो, शेजारच्या मणक्यात उतरतो, कण्याच्या बाजूच्या सोआस स्नायूत पू साठवतो. कर्करोगाची गाठ बहुधा चकतीला हात लावत नाही आणि मागे पेडिकलकडे, म्हणजे मणक्याच्या मागच्या हाडाच्या दांड्याकडे, सरकते. पण टीबी कधी चकती सोडून एकाच मणक्यात ठाण मांडतो, कधी लांबलांबच्या मणक्यांत उगवतो, आणि मग हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो. (मणक्याच्या टीबीला ज्याचं नाव आहे, त्या पर्सिव्हल पॉटने त्याचं वर्णन 1779 मध्ये केलं, चार वर्षं आधी त्यानेच धुराडी साफ करणाऱ्यांचा कर्करोग दाखवून दिला होता. दोन्ही आजार एकाच माणसाच्या नावावर!) उलट चरबीने भरलेला निरुपद्रवी हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ) एमआरआयच्या टी-वन आणि टी-टू या दोन्ही प्रकारच्या चित्रांत पांढरा दिसतो. त्याला बहुतेकदा काही करावं लागत नाही, पण रिपोर्टात 'गाठ' वाचून घरात रडारड होते.

साहेब, आमच्याकडे एमआरआयचे पैसे भागावर ठरतात. चिठ्ठीवर कंबर असेल तर कंबरच. संशय आल्यावर अख्ख्या कण्याचा एक उभा छेद घ्यायला काही मिनिटंच जास्त लागतात, आणि छातीच्या मणक्यातला दुसरा डाग त्यातच सापडतो. सरकारी कंत्राटात त्या मिनिटांचे पैसे धरा.

दुसरी गोष्ट बायोप्सी. सीटीवर बघत सुई घालायची आणि तुकडा काढायचा. हे शिकवता येतं, त्यासाठी प्रत्येक रुग्णाला मुंबईला पाठवायची गरज नाही. घोटाळा होतो तो तुकडा बाहेर आल्यावर. सवयीने सगळाच फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या द्रवात, जातो. पॅथॉलॉजीला तो तसाच हवा, पण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, करता येत नाही. थोडा तुकडा साध्या सलाइनच्या बाटलीत गेला, तर त्याच दिवशी सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी, होते. साधारण दोन तासांत टीबीचा जंतू आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला तो दाद देईल का, हे समजतं. तिथे जंतू सापडला नाही तरी टीबी नाहीच असं होत नाही, म्हणून कल्चरही लावावं लागतं. सीबीनॅटचं मशीन क्षयरोग विभागाकडे आधीच आहे. त्यामुळे इथे खरेदी काहीच नाही, एक परिपत्रक पुरेल.

पुढच्या एमआरआय मशीनची फीत कापायला आलात, की तिथल्या सिस्टरना एवढंच विचारा: मणक्याचा तुकडा आला तर तो किती बाटल्यांत भरता?

आपला,
एक रेडिओलॉजिस्ट