मंडप उतरवणाऱ्या भाऊंना

बिछायतवाले भाऊ,

तुमचे आभार मानायला मी दोनदा तुमच्याकडे येऊन गेले. पहिल्यांदा तुम्ही "त्यात काय बाई" म्हणत गाडीला किक मारली. दुसऱ्यांदा कुणाच्या तरी लग्नाचा मांडव घालायचा होता आणि तुम्ही बल्ल्या मोजत होता. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते. तुमची मुलगी मोबाइलवर वाचून दाखवेल. शिवाय माझ्यासारख्या इतर शाळांतल्या गुरुजी-बाईंच्याही नजरेला हे पडावं असं वाटतं, कारण सध्या सगळीकडे संमेलनांचे फोटो येताहेत आणि प्रत्येक फोटोत तसाच मंडप, तसेच भोंगे आणि मागे तसंच एखादं निंबाचं झाड दिसतं.

शिवजयंतीची आदली संध्याकाळ, आमच्या शाळेचं संमेलन. कार्यक्रम रात्री का, असं शहरातले लोक विचारतात. दिवसा ठेवला तर पाहायला कोण येणार? फेब्रुवारीत हरभरा सोंगणीला आलेला, तूर घरात येत असलेली, कुठं कुठं शेवटचा कापूसही वेचायचा राहिलेला. माणसं वावरातून येणार, हातपाय धुणार, मग पोरांचा नाच बघायला बसणार. त्यामुळे सातची वेळ, म्हणजे प्रत्यक्षात पावणेआठ, आणि त्यानंतर पाहुण्यांची भाषणं.

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा दुपारीच शिक्षकांच्या ग्रुपवर आला होता. आमच्या यवतमाळ जिल्ह्यावर पिवळा रंग होता. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. मी तो वाचला, "पिवळाच तर आहे" असं मनात म्हटलं आणि त्याच्याखाली आलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. प्रश्न होता, मावळ्यांचे शेले भगवे की लाल. लक्ष ठेवण्याचं काम मी कुणालाच सांगितलं नाही. स्वतःही केलं नाही.

तुम्ही ते करत होता, हे मला नंतर कळलं. तुम्ही मंडपाच्या मागच्या बाजूला, जनरेटरजवळ, पश्चिमेकडे तोंड करून उभे होता. सगळ्या गावाचं तोंड स्टेजकडे आणि तुमचं एकट्याचं उलट्या दिशेला. चौथीच्या मुलींचा नाच संपला तेव्हा तुम्ही स्टेजच्या कडेने माझ्याजवळ आलात आणि हळूच म्हणालात, "बाई, बंद करा आता. ईज चमकून राह्यली. अठरा मोजले म्या."

अठरा! भाऊ, मी सातवीला विज्ञान शिकवते. प्रकाश आधी दिसतो, आवाज मागून येतो, आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, म्हणजे 3 सेकंदांना एक किलोमीटर. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिते. अठरा म्हणजे वीज सहा किलोमीटरवर होती. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर पडलं की उघड्यावर थांबायचं नाही, हेही मला पाठ आहे. पण भोंग्यांच्या आवाजात मला गडगडाट ऐकूच आला नव्हता आणि हॅलोजनच्या उजेडात चमक दिसली नव्हती. तुम्ही नववीत शाळा सोडलेली. मी विचारलं तेव्हा म्हणालात, उघड्या आभाळाखाली लोखंडी पाईप हातात धरायचे म्हणजे मोजावंच लागते.

मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला "उठा" कसं म्हणायचं, हा आमच्या पुढचा प्रश्न होता, आणि बक्षीस वाटप राहिलं होतं. मी म्हटलं, "फक्त पोवाडा होऊ द्या, दहा मिनिटं." ते वाक्य मला अजून रात्री आठवतं.

तुम्ही वाद घातला नाही. सरळ गेलात आणि आवाज बंद केला. मग माइक न घेता, तुमच्या त्या मांडव घालतानाच्या गळ्याने ओरडलात, "पोरायले स्लॅबच्या खोलीत न्या! टिनाखाली कोनी नोका उभं राहू! पारसचं आठवा!"

पारस म्हटल्यावर मोठी माणसं उठली. अकोला जिल्ह्यातलं पारस, 9 एप्रिल 2023 ची रात्र. वाऱ्यापावसात आडोसा म्हणून माणसं मंदिराच्या टिनाच्या शेडखाली जमली, आणि त्याच शेडवर जुनं निंबाचं झाड कोसळून 7 जणांचा जीव गेला. आमच्याकडेही पोषण आहाराच्या स्वयंपाकाचं टिनाचं शेड आहे, आणि पहिले चार थेंब पडताच निम्मं गाव तिकडेच वळलं होतं. पाऊस आला की टिनाखाली, हे आपल्या पायांनाच ठाऊक असतं, डोक्याला विचारावं लागत नाही.

आता शाळेची लाज सांगते. स्लॅबच्या खोल्या दोन. एकीत वेशभूषेचा पसारा, दुसरीला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांच्या बॅगेत, बॅग मोटारसायकलला अडकवलेली, मोटारसायकल निंबाखाली, आणि तिच्या मागेपुढे गावातल्या सगळ्या गाड्या. आमच्या भिंतीवर आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा लावलेला आहे, रंगीत, बाण काढलेले. पण तो साडेदहा ते पाचच्या शाळेसाठी आहे. त्यात घंटा आहे, वर्ग आहेत, रांगा आहेत, हजेरीपट टेबलावर आहे. रात्रीच्या शाळेत यातलं काहीच नव्हतं. घंटा वाजवणारे मामा खुर्च्या लावत होते. हजेरीपट कपाटात. मुलं वर्गात नव्हे, आजीच्या मांडीवर, फुगेवाल्याजवळ, स्टेजच्या मागे, अंधारात लघवीला गेलेली. शिवाय शेजारच्या गावाहून आलेली, आमच्या हजेरीत नसलेली पोरं. कुणाची जबाबदारी कोण घेतंय, याचा कुणालाच पत्ता नाही. शिक्षकांना वाटतं पालक आहेत, पालकांना वाटतं गुरुजी आहेत.

किल्लीची वाट तुम्ही पाहिली नाही. कुलूप कसं निघालं ते इथं लिहीत नाही, मुख्याध्यापकांनी नवं आणलं आहे.

मग तुम्ही मेन स्विच पाडला आणि हाताखालच्या दोन्ही पोरांना घेऊन मंडपाचं छत सोडायला लागलात. तेव्हा मला वाटलं, भाऊ आपलं कापड वाचवताहेत. खरं सांगते, तसंच वाटलं, आणि त्याची क्षमा या पत्रातच मागते. वारा छतात भरला की तो बल्ल्या मुळासकट उपसतो आणि मग लोखंडी पाईप माणसांत फिरतात, हे तुम्ही नंतर समजावून सांगितलंत. छत खाली आलं तेव्हा तुमचा आकडा आठवर होता. तुम्ही पोरांना म्हणालात, "पाईप तसेच सोडा, चला." कनाती, झालरी, गाद्या, सगळं तसंच टाकून तुम्ही आत आलात. दोन मिनिटांनी बोराएवढ्या गारा सुरू झाल्या.

खोलीत आल्या आल्या तुम्ही पहिली गोष्ट विचारली ती, "मोजले का?" मी अंधारात वर्गवार नावं घेतली. सहावीचे दोघं नव्हते. ते निंबाखाली, गाड्यांच्या सीटवर पिशव्या पांघरून बसले होते. एक जण जिरेटोप भिजू नये म्हणून बसलेला. तुम्ही डोक्यावर गादी घेऊन गेलात आणि दोघांना बखोटीला धरून आणलंत.

ते झाड पडलं नाही. वीजही त्याच्यावर पडली नाही. आजही ते तिथंच आहे, आता कोवळी पालवी आली आहे. दुसऱ्या दिवशी पारावर काही जण म्हणालेच की बाईंनी उगाच कार्यक्रम बुडवला, काही झालं तर नाही. त्यांना काय सांगायचं हे मला बरेच दिवस सुचलं नाही. झालेल्या गोष्टीचे आभार मानणं सोपं असतं. तुमचे आभार मला न झालेल्या गोष्टीसाठी मानायचे आहेत, आणि तिचा फोटो कुणाकडे नाही.

पुढचा दीड तास मात्र मी जन्मभर विसरणार नाही. दोन खोल्यांत सगळी शाळा, त्यात आयाबाया, म्हातारी माणसं, आणि पाहुणेही, बाकावर मावळ्याला मांडीवर घेऊन. खिडक्यांपासून सगळ्यांना दूर बसवलेलं. लहानी पोरं रडायला लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई, यायले मोजाले लावा." मग चमक झाली की सगळी खोली एका सुरात मोजायची. पाच. सात. पाच. मग नऊ. बारा. चौथीची पोरगी तीनने भागून किलोमीटर सांगायची, आणि आकडा वाढला की पोरं टाळ्या वाजवायची. एकवीस आलं तेव्हा तर पोवाड्यालाही मिळाली नसती एवढी टाळी पडली. मी इतकी वर्षं शिकवते, पण हा धडा इतका नीट कधी बसला नव्हता.

पाऊस उघडल्यावर पालक उठले. "माझं लेकरू माझ्या ताब्यात द्या." शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं असतं, हे मी तोंडातल्या तोंडात म्हटलं. तुम्ही दारात आडवे उभे राहिलात. तुम्हाला शिव्याही पडल्या, मी ऐकल्या. बाविसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडलं तेव्हा शिव्या देणारेच खाली बसले, आणि आपण घड्याळ नव्याने लावलं. शेवटी दार उघडलं तेव्हाही तुम्ही एकेका मुलाचा हात कुणाच्या हातात जातो ते बघत होता आणि मी मोबाइलच्या उजेडात वहीत लिहीत होते. अकरा वाजून गेले होते.

पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, नऊ मुलं उरली. मध्ये नाला, त्याला पाणी आलेलं. त्यांना तुम्ही घरी नेलंत. वहिनींनी त्या अपरात्री चून-भाकर केली, आणि पोडावर निरोप कसा पोचवायचा तेही तुम्हीच पाहिलंत. दुसऱ्या दिवशी शिवजयंती, सुट्टी. त्याच्या पुढच्या दिवशी शाळा निम्मी रिकामी होती. पोरं आईबापांसोबत वावरात आडवा झालेला गहू बघत होती, घाटे गळालेला हरभरा गोळा करत होती. तलाठी पंचनाम्याला फिरत होते. तुमच्या फाटलेल्या कनातींचा पंचनामा कुणी केला नाही.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. पुढल्या वर्षीपासून कार्यक्रम दुपारी चारला, आणि भाषणं शेवटी, म्हणजे उडवायची झाली तर तीच उडतील. (ही सूचना पाहुण्यांचीच होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.) दोन्ही खोल्या उघड्या आणि रिकाम्या, त्या दिवसाची यादी माझ्या हातात, गाड्या झाडाखाली लावायच्या नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप आता आमच्या तीन फोनांत आहे. आपल्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडते आहे का, ते त्यात कळतं. पण आमच्या गावात रेंज कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे एक माणूस आभाळाकडे तोंड करून बसवायचाच, असं ठरलं. त्याने "बंद" म्हटलं की बंद. मुख्याध्यापकांना विचारायचं नाही, पाहुण्यांकडे बघायचं नाही. त्या जागेसाठी तुमचं नाव एकमताने आलं. तुम्ही शाळेचे नोकर नाही, पालकही आता नाही, म्हणून ठरावात काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी "गावकरी" लिहिलं.

भाऊ, तुमचं बिल अजून आलेलं नाही. मागितलं की "पाहू" म्हणता. चार कनाती आणि एक झालर, एवढं मी स्वतः मोजलं आहे, गाद्यांचं तुम्ही सांगा. समितीने पैसे मंजूर केले आहेत आणि ते या महिन्यातच द्यावे लागतील, नाहीतर हिशेबात मलाच उत्तरं द्यावी लागतील. तेव्हा माझ्यासाठी म्हणून तरी द्या.

आणि पोवाडा राहिला आहे. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की व्हरांड्यात ठेवला आहे, मंडप नाही, भोंगे नाहीत. जिरेटोप वाळला आहे, थोडा आक्रसला आहे. पहिल्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची ठेवते. तशी ती तुमचीच आहे, त्या रात्रीच्या गडबडीत तुमच्या दोन खुर्च्या शाळेतच राहिल्या. जाताना त्या घेऊन जा.

तुमची,
शाळेतली विज्ञानाची बाई